काकडाशिवाय शेवळं

कल्पना कर, तुझ्यासमोर काचेची एक बशी आहे. चहाच्या बशीपेक्षा लहान, झाकणाची. तिच्यात थोडं गुलाबीसर पाणी आहे आणि त्या पाण्याच्या तळाशी कॅन्सरच्या पेशी पसरल्या आहेत. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. तुझं काम एकच. त्या मारायच्या.

गरम चहा ओत. मेल्या. दुसरी बशी घे आणि तिच्यात मूठभर मीठ टाक. मेल्या. तिसरीत साबणाचं पाणी, चौथीत फिनेल, पाचवीत चिंचेचा कोळ. सगळीकडे मेल्याच. सहाव्या बशीत एखाद्या रानभाजीचा रस घाल. त्याही मेल्या.

शाबास. एका सकाळीत कॅन्सरवर सहा औषधं शोधलीस. आता ‘फिनेलने कॅन्सर बरा होतो’ अशी बातमी गावभर पाठवशील का? नाही पाठवणार. फिनेल पोटात गेलं तर पेशींच्या आधी माणूस जाईल, हे तुला कळतं. पण सहाव्या बशीची बातमी मात्र गावभर जाते. मोठ्या माणसांना इतक्या गोष्टी कळत असतात, की त्यांतली एखादी सुटली तर त्यांना पत्ताच लागत नाही.

शास्त्रज्ञ बशीवर थांबत नाहीत. बशीला घसा नसतो, पोट नसतं, यकृत नसतं. म्हणून ते पुढं उंदरांवर बघतात, मग थोड्या माणसांवर, मग पुष्कळ माणसांवर. त्यात वर्षं जातात आणि बशीत जिंकलेले बहुतेक रस वाटेत हरतात. मोबाइलला एवढा टाइम नसतो.

अशाच एका सहाव्या बशीची ही गोष्ट.

मुरबाडहून माळशेजकडे जाणारा रस्ता वैशाखऱ्याला सोडून वीसएक मिनिटं वर चाललं, की एक पाडा लागतो. तिथं रोशनी राहायची. सातवीत होती. घरात तिचे आईबाबा, आणि शेजारच्याच खोलीत बाबांची मोठी बहीण, हिराबाई. रोशनीची आत्या.

आत्याचं नाव टोकावड्याच्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत होतं. पावसाच्या तोंडाशी ती रस्त्याच्या कडेला शेवळं घेऊन बसायची. शेवळ म्हणजे रानात जमिनीतून वर येणारा जांभळट कोंब. भाजी फार चवीची होते, पण तिची एक खोड आहे. तिच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सुयांसारखे स्फटिक असतात. नुसती खाल्ली तर घशात अशी खाज सुटते, की माणसाला आपल्या पूर्वजांची नावं आठवतात. म्हणून तिच्यात काकडं घालतात. काकड म्हणजे काकडी नव्हे. काकडाच्या झाडाची हिरवी, बोराएवढी, आंबट फळं. ती ठेचून त्यांच्या पाण्यात शेवळं शिजवली की खाज जाते.

त्यामुळे आत्याचा एक नियम होता. शेवळाच्या जुडीवर मूठभर काकडं ठेवायचीच. त्यांचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत आणि गिऱ्हाईक नको म्हणालं तर जुडीही द्यायची नाही.

एकदा ठाण्याचा एक गाडीवाला म्हणाला होता, “मावशी, ही फळं राहू द्या. आमच्याकडे लिंबू आहे.”

“मग लिंबाचीच भाजी करा,” आत्या म्हणाली होती आणि जुडी परत टोपलीत ठेवली होती.

अशी ही बाई. शेवळाच्या बाबतीत तिला फसवणं देवालाही जमलं नसतं. पण विपुल देव नव्हता. त्यानं लेबलं छापली होती.

त्या वर्षी उन्हाळ्यात आत्याच्या छातीत गाठ निघाली. लिंबाएवढी. घरोघरी आरोग्याचं सरकारी काम करणारी आशाताई रंजिता तिच्या मागे लागून लागून तिला तपासायला घेऊन गेली. तालुक्यातून ठाण्याला, ठाण्यातून मुंबईला. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं, कॅन्सर आहे, पण वेळेत आलात. आठ वेळा किमो घ्यायची, दर तीन आठवड्यांनी. किमो म्हणजे शिरेतून देतात ते जोरकस औषध. मग ऑपरेशन.

पहिल्या दोन वेळा बाबा बरोबर गेले. तिसऱ्या वेळी आवणी सुरू होती. भाताची रोपं काही किमोची तारीख बघून वाढत नाहीत. आईबाबा दोघंही चिखलात होते, म्हणून आत्याबरोबर रोशनी गेली. फाईल धरायला आणि पाट्या वाचायला.

आत्याच्या हाताला लाल औषधाची नळी लागली होती आणि रोशनी शेजारी स्टुलावर बसली होती. तेव्हा डॉक्टरीणबाई आल्या. दोन किमोतच लिंबाची सुपारी झाली होती. बाई खूश होत्या.

“दुसरं काही घेता का, हिराबाई? पावडर, काढा, गोळ्या?”

“नाय,” आत्या म्हणाली. तेव्हा ते खरं होतं.

“कुणी दिलं तरी घेऊ नका. भाजीपाला, फळं खा, पोटभर खा.”

रोशनीनं विचारलं, “भाजी चालते तर भाजीची पावडर का नाय चालत?”

डॉक्टरीणबाईंना घाई होती. तरी त्या थांबल्या. माणूस चांगला डॉक्टर आहे का हे यावरूनच ओळखावं.

“वांगं कापून ठेवलंस तर काय होतं?”

“काळं पडतं.”

“हवेतला ऑक्सिजन लागून. आणि लिंबू चोळलंस तर?”

“नाय पडत.”

“लिंबात जे आहे त्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात. पालेभाज्यांत, फळांतही असतं. शरीरातही असं काळं पडणं, गंजणं थोडं थोडं चालू असतं, ते हे पदार्थ आवरतात. म्हणून जेवणात भाजी हवी. पण आत्याला आपण जे औषध देतोय, ते कॅन्सरच्या पेशीला काही अंशी असंच गंजवून मारतं. आता त्याच वेळी तू बाहेरून गंज आवरणारं काहीतरी डब्बाभर ओतलंस, तर ते आत्याला वाचवेल, की त्या पेशीला?”

रोशनीनं विचार केला. “जी आधी सापडेल तिला.”

“नक्की कुणालाच माहीत नाही. म्हणून नको,” बाई म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

रोशनीनं फाईलच्या मागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर लिहिलं: भाजी खायची. पावडर नको. कुणाला वाचवेल माहीत नाही.

तो गुरुवार होता. रविवारी विपुल आला.

विपुल पाड्यावरचाच. आता आटगावला खोली घेऊन राहायचा आणि भिवंडीकडच्या एका गोदामात बाटल्यांना लेबलं चिकटवायचा. तिथंच त्याला ज्ञान झालं, की बाटलीत काय आहे हे कुणी बघत नाही, बाटलीवर काय आहे ते बघतात. मोठमोठ्या लोकांना हे कळायला आयुष्य लागतं. विपुलला सहा महिने लागले.

त्यानंतर त्याला मोबाइलवर एक व्हिडिओ आला. काचेची बशी, त्यात कसल्याशा रानभाजीचा रस, पेशी मेल्या. खाली लिहिलेलं, ‘अँटिऑक्सिडंटची कमाल’. कुठली भाजी, किती रस, पुढं काय झालं, हे व्हिडिओत नव्हतं. विपुलनं विचार केला, रानभाजी म्हटली की आपलं शेवळ. मृगात त्यानं हिराबाईकडूनच दोन टोपल्या शेवळं घेतली होती. आत्यानं नेहमीप्रमाणे वर काकडं दिली. ती त्यानं फाट्यावर ओतून टाकली. शेवळं वाळवली, गिरणीतून दळून आणली आणि बाटल्यांत भरली. बाटलीवर हिरवं पान, सूक्ष्मदर्शकाचं चित्र, आणि ‘१०० टक्के नैसर्गिक’. धोतराही शंभर टक्के नैसर्गिकच असतो, पण त्याचं लेबल अजून कुणी छापलेलं नाही.

ओट्यावर बसून त्यानं आत्याला समजावलं. “हिराआत्या, सकाळी उपाशीपोटी दोन चमचे, गार पाण्यात. शिजवायचं नाय, शिजवलं की अँटिऑक्सिडंट मरतात. आंबट घालायचं नाय, गुण जातो.”

“अरे, पण शेवळ ना हे? घसा धरेल.”

“धरणारच. तेच तर सायन्स आहे. खाज सुटली म्हणजे समजायचं, पेशी मरतायत.”

आत्यानं बाटली उलटीसुलटी करून पाहिली. जिनं जन्मभर काकडाशिवाय एक जुडी विकली नाही, तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी काकडाशिवाय दोन चमचे घेतले. आपलंच शेवळ बाटलीत जाऊन आलं, की आपल्याला अनोळखी होतं.

पण आत्याला हसू नकोस. पुढं ऐक.

तिचे केस गेले होते. तोंडात सतत लोखंड चोखल्यासारखी चव असायची. किमोनंतरचे चार दिवस ती पातेलं उशाशी घेऊन पडायची. हॉस्पिटलात तिला नावानं नव्हे, नंबरानं हाक मारायचे. आणि आता कुणीतरी सांगत होतं, की तुझ्या हातानं खणलेलं शेवळच तुला बरं करील. कुणाचे उपकार नकोत, कुणापुढं चोळी सोडायला नको. तुला मला सांगितलं असतं तर आपणही बाटली उघडली असती.

घसा रोज खाजायचा. आत्या रोज समाधानानं म्हणायची, “मरतायत.”

दोन आठवड्यांनी पुढचा किमोचा गुरुवार जवळ आला. सोमवारी संध्याकाळी आत्यानं बाबांना सांगितलं, “मनोज, गुरुवारी जायचं नाय. मला गुण आलाय. बघ, गाठ सुपारीएवढी झाली.”

रोशनी म्हणाली, “आत्या, सुपारी तर आधीच झालेली. डॉक्टरीणबाईंनी मोजली तेव्हा बाटली आलीपण नव्हती.”

“तू गप गो. लहान तोंडी मोठा घास.”

किमोंनी कष्ट केले आणि हार घालून घ्यायला बाटली पुढं आली. असं शाळेत पण होतं. फळा पुसणारा एक आणि मॉनिटर दुसरा.

बाबा मान खाली घालून बसले. “तिचं अंग आहे. तिला कळतं,” ते म्हणाले. माणसाला काय करावं ते सुचलं नाही, की तो दुसऱ्याच्या अकलेवर फार विश्वास टाकतो.

रोशनीनं पुठ्ठ्यावरचं वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, “त्या बाईला शेवळ काय ठाऊक.” ते खरंच होतं. रोशनीच्या लक्षात आलं, की पुठ्ठ्यावरचं वाचून काही व्हायचं नाही. आत्या डॉक्टरांशी नाही, खाजेशी बोलत होती. खाज होती म्हणून तिचा विश्वास होता. तेव्हा प्रश्न खाजेलाच विचारायला हवा.

तिनं मंगळवारी सकाळी बोटाच्या टोकावर चिमूटभर पावडर घेतली आणि जिभेला लावली. तू असलं काही करू नकोस. रोशनीनंही नको होतं करायला. दुपारपर्यंत ती गूळ आणि चिंच चोखत बसली.

मग बाबांच्या फोनवरून तिनं विपुलला फोन लावला.

“विपुलदादा, मी पावडर खाल्ली. मला पण खाज सुटली. मला कुठं कॅन्सर आहे?”

पलीकडे क्षणभर लेबल चिकटवायच्या मशीनचा आवाज आला.

“अगं, थोड्या पेशी सगळ्यांच्याच अंगात असतात. तुझ्या पण मेल्या. थँक यू बोल.”

“मी मनगटावर पण चोळली. तिथं पण खाजलं.”

“मनगटात पण असतात.”

“आणि काकडाच्या पाण्यात घातली तर नाय खाजत. मग काकडं कॅन्सरला वाचवतात का?”

“हे बघ रोशनी, माझा ब्रेक संपला. बुधवारी सुट्टी आहे, येतोय मी. तेव्हा समजावतो.”

विपुलकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर होतं. डॉक्टरीणबाईंकडे नव्हतं, त्या ‘नक्की माहीत नाही’ म्हणाल्या होत्या. त्यामुळे पाड्याला विपुल जास्त शिकलेला वाटायचा. पण रोशनीनं एक गोष्ट हेरली. कसलाही प्रश्न विचारला तरी जे उत्तर चुकतच नाही, ते उत्तर नसतं, ती गोणपाटाची पिशवी असते. काहीही घाला, मावतं.

बुधवारी दुपारी विपुल आला. आत्याच्या ओट्यावर चारपाच बायका जमल्या. शेजारची काशी गुडघ्यासाठी बाटली घ्यायला आली होती. सकुबाई सुनेला दिवस राहावेत म्हणून आली होती. कॅन्सरचं औषध गुडघ्याला आणि पोटालाही चालतं, हे विपुलनं कुणाला सांगितलं नव्हतं. लोकांनी स्वतःच शोधून काढलं होतं, आणि तो कुणाच्या शोधाला आडवा येत नसे. आशाताई रंजिताही आली होती. तिला आत्यानं निरोप पाठवला होता, की गुरुवारी येत नाय म्हणून हॉस्पिटलला फोन कर. फोन करण्याऐवजी ती स्वतःच आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

विपुलनं बशीचा व्हिडिओ दाखवला. बायकांनी मोबाइल एकीच्या हातातून दुसरीच्या हातात दिला. बशीतल्या पेशी पाच वेळा मेल्या.

रंजिता म्हणाली, “ही बशी झाली. माणूस कुठाय यात?”

“ताई, तुमाला पगार हॉस्पिटलवाले देतात. तुमी तसंच बोलणार.”

“पगार?” रंजिता म्हणाली. “कुठाय, दाखव मला. मीपण शोधतेय.”

बायका हसल्या. विपुलही हसला, त्याला हसण्याचा टाइम चांगला साधायचा.

तेवढ्यात रोशनी आतून तांब्याभर पाणी आणि स्टीलचा पेला घेऊन आली. ती ओट्याच्या कडेला बसली.

“विपुलदादा, तू पण घेतोस ना पावडर?”

“रोज. न चुकता. म्हणून तर मला आजपर्यंत काय झालं नाय.”

“आज घेतलीस?”

“आज...” विपुल म्हणाला, “आज घाईत निघालो.”

“मग घे. आत्याचंच पाणी आहे.”

तिनं बाटलीवर लिहिलेलं मोठ्यानं वाचलं. दोन चमचे. गार पाणी. शिजवू नये. आंबट घालू नये. प्रत्येक वाक्य वाचून झालं, की तसं केलं. तिनं एक चमचाही जास्त घातला नाही, हे ध्यानात ठेव. त्यात फसवणूक काहीच नव्हती. जे आत्या रोज सकाळी पीत होती, तेच तिनं पेल्यात घालून पुढं केलं.

विपुलनं पेल्याकडे बघितलं. मग बायकांकडे. कुणाच्या घरी गेल्यावर हातात दिलेला पेला परत करायची आपल्याकडे पद्धत नाही. त्यातून पाच गिऱ्हाइकं समोर.

“जेवून आलोय मी,” तो म्हणाला. “उपाशीपोटी घ्यायची असते.”

“काशीमावशीला काल फोनवर बोललास, कधीपण चालते,” रोशनी म्हणाली.

“बोललास रे,” काशी म्हणाली. “गुडघ्याला कधीपण, बोललास.”

विपुलनं डोळे मिटून पेला संपवला. रिकामा पेला खाली ठेवला आणि सगळ्यांकडे बघून हसला. त्याचं हसू काही वेळ टिकलं. मग ते एका बाजूनं उतरू लागलं. त्यानं आवंढा गिळला. परत गिळला. कान लाल झाले. तो खाकरला, मग मानेवरून हात फिरवला, मग जीभ बाहेर काढून टाळूला घासू लागला, जसं मांजर गवत खाल्ल्यावर करतं.

“पाणी देऊ?” सकुबाईनं विचारलं.

विपुलनं मान हलवली. शेवळाच्या खाजेला पाणी चालत नाही, हे पाड्यावर जन्मलेल्या पोराला सांगावं लागत नाही. त्याचे डोळे आत्याच्या दारातून आत गेले, जिथं फळीवर मिठातल्या काकडांची बरणी होती.

“आत्या,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “जरा... काकड दे एक.”

रंजितानं पदरात तोंड लपवलं.

आत्या उठली. आत गेली, बरणी घेऊन आली. पण झाकण काढलं नाही. मांडीवर धरून बसली.

“आंबट कशाला रे? गुण जाईल ना.”

“दे गो आत्या.”

“पेशी मरतायत तुझ्या. मरू दे की.”

“आत्या, बस आहे माझी...”

“बसला टाइम आहे.” आत्याच्या आवाजात राग नव्हता. ती एखाद्या जुडीची देठं तपासावीत तशी त्याच्याकडे बघत होती. “मला एक सांग. तुझी गाठ कुठंशी आहे?”

“माझी नाय... सगळ्यांच्याच अंगात थोड्या थोड्या...”

“असतात ना?”

“असतात.”

“मग उद्या चल माझ्याबरोबर,” आत्या म्हणाली. “सहाची गाडी. तिथं लाल औषधाच्या खाटा शेजारीशेजारी असतात. एका खाटेवर मी, एका खाटेवर तू. तुझ्या पण मारून घे. केस गेले तर मी टोपी देईन.”

काशी पहिल्यांदा हसली. मग सगळ्याच. विपुलही हसला असता, पण त्याला खोकला आला. आत्यानं झाकण काढलं आणि दोन काकडं त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती बियांसकट चघळली. हळूहळू त्याच्या मानेच्या शिरा सैल पडल्या.

त्यानं उरलेल्या बाटल्या पिशवीत भरल्या. काशी म्हणाली, गुडघ्याचं मी बघते तेल लावून. सकुबाईनं आधी घेतलेली बाटली ओट्याच्या कडेला ठेवली आणि पदर झटकला. विपुल उतारावरून फाट्याकडे गेला. त्याचं काय झालं म्हणशील, तर काही नाही. असल्या माणसांचं काही होत नाही. आता तो काय विकतो मला ठाऊक नाही, पण त्याच्यावर हिरवं पान असणार.

बायका गेल्या. आत्या तशीच बसून राहिली.

“माझापण घसा रोज असाच खाजायचा,” ती म्हणाली. “मला वाटायचं, चला, आज एवढ्या मेल्या.”

रोशनी तिच्याजवळ सरकली.

“मीच दिली त्याला दोन टोपल्या,” आत्या म्हणाली. “वर काकडं घातलेली मी. मी घातलेली हां.”

“ठाऊक आहे मला.”

रंजिता म्हणाली, “हिराताई, मी फोन केला नाय अजून. खाट तुमच्या नावावरच आहे.”

“नंबरावर,” आत्या म्हणाली.

“नंबरावर. पण नंबर तुमचाच.”

समोरच्या खाचरात मनोजनं लावलेलं भात आता गुडघ्याएवढं झालं होतं. आत्यानं डोक्याचा रुमाल सोडला, टाळूवरून हात फिरवला आणि परत बांधला.

“उलट्या होतील परत.”

“होतील,” रोशनी म्हणाली. ती खोटं बोलली नाही याचा मला फार आनंद आहे. “मी पातेलं धुवीन.”

“आणि त्या बाईला काय सांगू? पावडर घेत नाय बोललेली मी तिला.”

“तेव्हा नव्हतीस घेत.”

“नंतर घेतली की.”

“मग तेपण सांगायचं. तिला कळायला नको का, आत काय काय गेलंय ते? कदाचित ती उद्या थांबायला सांगेल, रक्त तपासेल. पण लपवलं तर तिला बशीतल्यासारखं वाटेल, की आत फक्त तिचंच औषध आहे.”

आत्यानं तिच्याकडे पाहिलं. “मला लाज वाटते गो. शेवळं विकणारी मी. काकडाशिवाय शेवळं प्यायली असं त्या शिकलेल्या बाईला कसं सांगू?”

“तिला काकड म्हणजे काय तेच ठाऊक नसेल,” रंजिता म्हणाली. “तुमी बिनधास्त सांगा.”

पण आत्या मान हलवत राहिली. लाज ही अशी चीज आहे. किमोला तयार झालेलं माणूसही तिच्यापायी दारातून मागं फिरतं. ती उठून आत गेली आणि म्हणाली, “सकाळी बघू.”

सकाळी साडेपाचला रोशनी तिच्या दाराशी गेली, तेव्हा आत्या लुगडं नेसून, रुमाल बांधून उंबऱ्यावर बसली होती. चपला पायात होत्या, पण फाईल आत फळीवरच होती.

“तोंडानं नाय सांगता यायचं मला,” ती म्हणाली.

रोशनीनं आत जाऊन फाईल घेतली. शेजारी ठेवलेली अर्धी बाटलीही घेतली आणि दप्तरात टाकली. मग बोटांवर दिवस मोजले, दोनदा मोजले, दप्तरातून पेन काढलं आणि पुठ्ठ्यावर डॉक्टरीणबाईंच्या वाक्यांखाली नीट अक्षरात लिहिलं:

‘आत्यानं सतरा दिवस पावडर घेतली. मागच्या किमोनंतरच्या सोमवारपासून कालपर्यंत, रोज सकाळी दोन चमचे. कच्चं शेवळ. काकड घातलं नाही. बाटली आणली आहे.’

तिनं ते आत्याला वाचून दाखवलं. मग फाईल काखेत मारली, दुसऱ्या हातानं आत्याचा हात धरला, आणि फाट्यावर जाऊन सहाच्या एसटीला हात केला.